अंगठ्याची निशाणी

जुन्या मराठी दप्तरांतील एखादा महजर उलगडून पाहिला, तर अखेरीस साक्षीदारांच्या नांवांपुढें लहान लहान चित्रें काढलेलीं आढळतात. पाटलाच्या नांवापुढें नांगर असावयाचा. ज्याला अक्षर येत नसे त्याची ओळख त्याच्या व्यवसायाच्या अवजारावरून पटविली जाई, आणि 'निशाणी नांगर' एवढे दोन शब्द लिहिले कीं पाटलाची सही झाली असें सारा गांव समजे. गांव लहान, माणसें एकमेकांस ओळखणारीं, तोंवर या पद्धतींत कांहीं अडचण नव्हती. पण नांगर कोणालाही काढतां येतो. कोर्टकचेऱ्या दूरच्या शहरांत गेल्या, न्यायाधीश परका झाला, पाटलाला ओळखणारें कोणी तेथें उरलें नाहीं, तेव्हां या चित्राची किंमत संपली. त्याची जागा पुढें डाव्या हाताच्या अंगठ्यानें घेतली. रजिस्ट्रेशन कचेरींत शाईच्या गादीवर अंगठा टेकवून कागदावर उठविणारा शेतकरी आज सर्वांच्या परिचयाचा आहे; परंतु ही चाल कोठून आली, आणि तिच्यावर जो विश्वास टाकला जातो तो कितपत सार्थ आहे, याचा इतिहास मोठा मनोरंजक असून त्याचा बराच मोठा भाग आपल्याच देशांत, बंगाल प्रांतांत, घडलेला आहे.

१८५८ सालचा जुलै महिना. सत्तावनच्या उठावाचा वणवा अद्याप पुरता विझला नव्हता. मुर्शिदाबाद जिल्ह्यांतील जंगीपूर येथें विल्यम जेम्स हर्शेल नांवाचा पंचवीस वर्षांचा मुलकी अधिकारी होता. सुप्रसिद्ध ज्योतिर्विद विल्यम हर्शेल याचा हा नातू. त्याला सरकारी रस्त्यासाठीं दोन हजार मण 'घुटिंग', म्हणजे चुनखडीचे खडे, हवे होते, आणि तें पुरविण्याचा मक्ता राज्यधर कोनाई नांवाच्या एका बंगाली गृहस्थानें घेतला. करार कोनाईनें स्वतःच्या हातानें बंगालींत लिहून दिला. त्यावर सही होण्याच्या सुमारास हर्शेलच्या मनांत एक लहर आली. कचेरीच्या शिक्क्यासाठीं घरगुती तेलकट शाई केलेली होती. ती कोनाईच्या तळहाताला फासून त्यानें सबंध पंजाचा ठसा कराराच्या पाठीवर उमटवून घेतला.

हर्शेलनें पुढें म्हातारपणीं, १९१६ सालीं, ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां आपला हेतु मोकळेपणानें सांगितला आहे. हा ठसा कोणाशीं ताडून पाहावा असें त्याच्या मनांत मुळींच नव्हतें. मागाहून 'ही सही माझी नव्हे' असें म्हणण्याची कोनाईला भीति वाटावी, एवढाच त्याचा उद्देश होता. तेव्हां ज्या प्रसंगापासून या शास्त्राचा आरंभ मानतात, त्या प्रसंगीं शास्त्र नव्हतें. होता तो एका अधिकाऱ्याचा अविश्वास, आणि आपलें अंग कागदावर उमटलें म्हणजे आपण बांधले गेलों अशी सामान्य माणसाची समजूत. मातीच्या मुद्रांवर अंगठा उठविण्याची चाल चीनमध्यें कित्येक शतकांपूर्वीं होती, हेंही येथें ध्यानांत ठेवावें. हर्शेलचें श्रेय निराळें आहे. तो एका ठशावर थांबला नाहीं.

पंजाऐवजीं बोटांचे ठसे घेणें सोपें पडतें हें त्याला लवकरच कळून आलें. मग मित्र, सहकारी, घरचीं माणसें, जो सांपडेल त्याच्या बोटांचे ठसे तो वहींत घेऊं लागला, आणि वर्षांमागून वर्षें लोटल्यावर त्याच माणसांचे ठसे पुन्हां घेऊन जुन्यांशीं ताडून पाहूं लागला. स्वतःच्या बोटांचे त्यानें घेतलेले ठसे अर्ध्या शतकाहून अधिक काळाचे आहेत. त्वचा सैल झाली, सुरकुत्या पडल्या, पण रेषांची मांडणी बदलली नाहीं. १८७७ सालीं हुगळीस मॅजिस्ट्रेट असतांना त्यानें या युक्तीचा कारभारांत उपयोग केला. मेलेल्या पेन्शनराच्या नांवावर भलताच इसम पैसे उचलीत असे. विकलेल्या जमिनीचा दस्तऐवज आपला नव्हेच असें विकणारा शपथेवर सांगे. आणि शिक्षा झालेला श्रीमंत आपल्याऐवजीं पैसे देऊन दुसऱ्याला तुरुंगांत पाठवील अशी धास्ती असे. या तिन्ही ठिकाणीं त्यानें बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात केली, आणि तुरुंगांच्या इन्स्पेक्टरास पत्र लिहून ही पद्धत इतरत्र चालू करावी अशी विनंती केली. ती मान्य झाली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं हर्शेल नोकरी सोडून विलायतेस गेला.

त्याच सुमारास जपानांत टोकिओ येथें हेनरी फॉल्ड्स हा स्कॉटिश डॉक्टर प्राचीन मडक्यांवर कुंभारांच्या बोटांचे ठसे उमटलेले पाहून स्वतंत्रपणें याच विचाराकडे वळला होता. गुन्ह्याच्या जागीं राहिलेल्या ठशांवरून गुन्हेगार शोधतां येईल, ही कल्पना १८८० च्या ऑक्टोबरांत 'नेचर' पत्रांतून त्यानें प्रथम जाहीरपणें मांडली. महिन्याभरांत हर्शेलनें त्याच पत्रांत आपली हकीकत लिहिली, आणि श्रेयाचा जो वाद सुरू झाला तो दोघांच्याही अखेरीपर्यंत मिटला नाहीं. फॉल्ड्सची उपेक्षा झाली हें मान्य करावें लागेल. त्यानें आपल्या कल्पना डार्विनला कळविल्या होत्या. डार्विननें तें पत्र आपला आप्त फ्रान्सिस गाल्टन याजकडे धाडलें. गाल्टननें तें एका संस्थेच्या स्वाधीन केलें, आणि तेथें तें पडून राहिलें. पुढें गाल्टनला या विषयाची गोडी लागली, तेव्हां त्यानें हात धरला तो हर्शेलचा.

गाल्टनचा ग्रंथ १८९२ सालीं निघाला. आपल्याकडे सामुद्रिक पाहणारे ज्यांस चक्र आणि शंख म्हणतात, तशाच आकृतींवरून त्यानें ठशांचे तीन मुख्य वर्ग पाडले: कमान, वेटोळें आणि भोंवरा. सर्वसाधारण माणसांत वेटोळीं सर्वांत अधिक, भोंवरे त्यांहून कमी, आणि कमानी अगदीं थोड्या असतात. परंतु ओळख पटते ती या आकृतींवरून नव्हे. एखादी रेषा मध्येंच तुटते, एखादीस फांटा फुटतो, दोन रेषांमध्यें एखादें लहानसें बेट असतें. अशा बारीक खुणांची परस्परांशीं असलेली जागा हीच खरी ओळख. या रेषा मूल आईच्या पोटांत असतांना, सहा महिन्यांच्या आंतच, कायमच्या ठरून जातात, आणि त्या ठरतांना गर्भाच्या हालचालींचा व दाबाचाही परिणाम होत असल्यामुळें जुळ्या भावंडांचे ठसेसुद्धां एकसारखे नसतात. दोन बोटांचे ठसे तंतोतंत जुळण्याचा संभव चौसष्ट अब्जांत एक, असा गाल्टननें हिशेब मांडला. हा आंकडा पुढें फार गाजला. तो संपूर्ण व स्वच्छ ठशाविषयीं होता, आणि तोही कांहीं गोष्टी गृहीत धरून काढलेला होता, ही गोष्ट मात्र आंकडा सांगणारे बहुधा विसरत.

आतां एक मोठी अडचण उरली होती, आणि ती व्यवहारांतली होती. समजा, पोलिसांपाशीं पन्नास हजार माणसांचे ठसे आहेत. नवा कैदी आला. खोटें नांव सांगतो. त्याचा जुना कागद त्या ढिगांतून काढावयाचा कसा? पॅरिसमध्यें आल्फोन्स बर्तियों यानें डोकें, हात, पाऊल इत्यादि अवयवांचीं मापें घेऊन त्यांवरून वर्गवारी लावण्याची पद्धत बसविली होती, आणि बंगालचा पोलीस-प्रमुख एडवर्ड हेनरी यानेंही प्रथम तीच उचलली. पण मापें घेणारा शिपाई जरा सैल हातानें पट्टी धरी, तर दुसरा घट्ट धरी, आणि एकच माणूस दोन निरनिराळ्या खणांत जाऊन बसे. हेनरीला ठशांची वर्गवारी हवी होती. ती त्याला मिळाली कलकत्त्यांत, आपल्याच कचेरींतील दोन तरुण हिंदी नोकरांकडून.

अझीझुल हक हा मूळचा खुलना जिल्ह्यांतला, प्रेसिडेन्सी कॉलेजांत गणितांत चमकलेला विद्यार्थी. त्याचा जोडीदार हेमचंद्र बोस. त्यांनीं बसविलेली योजना इतकी साधी आहे कीं ती समजल्यावर आधीं कोणाला सुचली कशी नाहीं याचें नवल वाटतें. दहा बोटांच्या पांच जोड्या करावयाच्या, उजव्या अंगठ्यापासून आरंभ करून क्रमानें. पहिल्या जोडींतील कोणत्याही बोटावर भोंवरा असेल तर त्याचे सोळा गुण, दुसऱ्या जोडींत आठ, मग चार, दोन आणि एक. भोंवरा नसेल तर शून्य. प्रत्येक जोडींतील पहिल्या बोटाचे गुण छेदांत मांडावयाचे व दुसऱ्याचे अंशांत, आणि दोन्ही बेरजांत एकेक मिळवावयाचा. एखाद्याच्या उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर तेवढे भोंवरे असतील, तर अंशांत आठ अधिक एक म्हणजे नऊ, आणि छेदांत सोळा अधिक एक म्हणजे सतरा. त्या माणसाचा अपूर्णांक नऊ सतरांश. अंश बत्तीस प्रकारचा, छेद बत्तीस प्रकारचा. म्हणून कपाटाला बत्तीस आडव्या ओळींत बत्तीस, एकूण १०२४ खण. कैद्यानें नांव कांहींही सांगो. कारकुनानें अपूर्णांक काढला कीं कोणत्या खणांत हात घालावयाचा हें ठरलें, आणि त्या खणांतील कागद पुढच्या बारीक खुणांवरून आणखी निवडतां येत. हा गणिताचा खेळ नसून, लाखों माणसांतून एक माणूस कांहीं मिनिटांत शोधून काढण्याची ती पहिली खात्रीची युक्ति होती.

सरकारनें नेमलेल्या समितीनें ती तपासली. सर्व्हेयर-जनरल स्ट्राहान आणि रसायनशास्त्रज्ञ पेडलर हे तिचे सभासद होते. साधेपणा, खर्च, वेग व खात्री या सर्व बाबतींत ठशांची पद्धत मापांहून सरस आहे असा त्यांनीं निर्वाळा दिला, आणि १८९७ च्या जून महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें ती स्वीकारली. कलकत्त्यास त्या वर्षीं निघालेली ठशांची कचेरी ही या प्रकारची जगांतील पहिली कचेरी होय. पद्धतीला नांव मात्र पडलें हेनरीचें. हकला 'खानबहादुर' आणि बोस याला 'रायबहादुर' अशा पदव्या मिळाल्या, आणि पुष्कळ वर्षांनीं, अर्ज-विनंत्या झाल्यावर, प्रत्येकीं पांच हजार रुपयांचें पारितोषिकही मिळालें. त्या निमित्तानें १९२६ सालीं हेनरीनें हकच्या कामाची थोरवी लेखी मान्य केली. आपल्या कचेरींतील इतर कोणाहीपेक्षां पद्धत पूर्णत्वास नेण्यांत त्याचा वांटा अधिक होता, असा त्याचा आशय आहे. तोंपर्यंत हेनरीचें नांव साऱ्या जगाच्या पोलीस-पुस्तकांत छापून गेलें होतें.

नवी कचेरी उघडून फार दिवस झाले नव्हते, तोंच तिची कसोटी लागली. १८९७ च्या ऑगस्टांत जलपैगुडी जिल्ह्यांतील एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक आपल्या बिछान्यांत गळा चिरलेल्या स्थितींत सांपडला. पेटी व तिजोरी फोडून रक्कम लांबविलेली होती. संशय घ्यावा तितका थोडाच होता: मळ्यांतले मजूर, कपड्यांवर रक्ताचे डाग असलेला आचारी, आसपास उतरलेले काबुली. पेटींतील कागदपत्रांत निळ्या वेष्टनाचें एक बंगाली पंचांग होतें, आणि त्याच्यावर पुसट तपकिरी रंगाचे दोन डाग होते. एकांत बोटाच्या रेषा दिसत होत्या. कलकत्त्याच्या कपाटांत शोध घेतां तो ठसा कांगालीचरण याच्या उजव्या अंगठ्याशीं जुळला. हा मयताचा जुना नोकर. चोरीबद्दल मालकानेंच त्याला तुरुंगांत धाडलें होतें, आणि म्हणूनच त्याचे ठसे दप्तरीं होते. तो कांहीं आठवड्यांपूर्वींच सुटला होता. दूर बीरभूम जिल्ह्यांत तो पकडला गेला. डाग रक्ताचाच आहे असा रासायनिक परीक्षकाचा दाखला आला.

१८९८ सालीं खटला चालला तेव्हां असेसरांनीं जें मत दिलें तें विचार करण्याजोगें आहे. हा माणूस त्या पेटीपाशीं होता, त्यानें चोरी केली, एवढें ठशावरून सिद्ध होतें. पण खून करतांना त्याला कोणीं पाहिलेलें नाहीं, सबब खुनाचा आरोप शाबीत नाहीं. त्याला चोरीबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि हायकोर्टानें ती कायम केली. पुष्कळ लेखकांनीं या मताला भित्रेपणा म्हटलें आहे. तो भित्रेपणा होता असें वाटत नाहीं. ठसा 'कोण' याचें उत्तर देतो. 'काय केलें' याचें देत नाहीं. १८९९ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन ठसे ओळखणाऱ्या तज्ज्ञाचें मत पुराव्यांत घेण्याची सोय झाली. कायद्यानें त्याला 'मत' म्हटलें, हाही शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

याच्याही आधीं, १८९२ सालीं, अर्जेंटिनांत हुआन वुसेतिच याच्या स्वतंत्र पद्धतीनें एका भयंकर गुन्ह्याचा उलगडा झाला होता. दोन मुलांचा खून झाला. आईनें शेजाऱ्यावर आळ घेतला. दारावरील रक्ताळलेला अंगठा आईचाच निघाला. म्हणजे ठशानें एका निरपराध्याचा जीव वांचविला. लंडनला ही विद्या पोंचली ती १९०१ सालीं, हेनरी स्कॉटलंड यार्डांत गेल्यावर. दुसऱ्याच वर्षीं ओल्या रंगावर अंगठा टेकविणारा एक घरफोड्या सात वर्षांसाठीं तुरुंगांत गेला, आणि १९०५ सालीं डेप्टफर्ड येथील दुकानदार व त्याची पत्नी यांच्या खुनाबद्दल स्ट्रॅटन नांवाचे दोघे भाऊ फांशीं गेले. पैशाच्या पेटीवरील एका अंगठ्याचा ठसा हा त्या खटल्यांतला मुख्य पुरावा. त्या वेळीं बचावाच्या बाजूस येऊन बसला होता तो कोण? खुद्द डॉक्टर फॉल्ड्स. दहा बोटांवरून माणूस ओळखणें वेगळें, आणि एकाच अंगठ्याच्या घासलेल्या ठशावरून माणसाला फांशीं देणें वेगळें, असें त्याचें म्हणणें होतें. श्रेय न मिळाल्यामुळें हा माणूस चिडला आहे, असें त्या वेळीं लोक म्हणाले. चिडला होता हें खरें. पण त्याच्या प्रश्नाला कोणी नीट उत्तर दिलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

या विद्येचा मानापमानाशीं संबंध कसा आला, याचें एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेंतलें आहे. ट्रान्सवाल सरकारनें १९०६ सालीं तेथील हिंदी लोकांनीं बोटांचे ठसे द्यावे असा कायदा आणला. गांधीजींच्या वाचनांत हेनरीचेंच पुस्तक आलें, आणि असे ठसे कायद्यानें केवळ गुन्हेगारांचे घेतले जातात हें त्यांना त्यांत दिसलें. सत्याग्रहाचा जन्म ज्या लढ्यांतून झाला, त्याच्या मुळाशीं हीच शाईची गादी होती. पुढें १९०८ सालीं तडजोड झाल्यावर त्यांनीं आपण होऊन ठसे देण्याचें ठरविलें, तेव्हां स्वकीयांपैकींच एकानें त्यांच्यावर प्राणघातक हल्ला केला.

न्यायालयांचा या पुराव्यावरील भरंवसा विसाव्या शतकांत वाढतच गेला. किती खुणा जुळल्या म्हणजे ठसा एकाचाच मानावा, याविषयीं मात्र देशोदेशीं एकमत नव्हतें. फ्रान्समध्यें बारा खुणांचा दंडक प्रचारांत आला, तर स्कॉटलंड यार्डानें १९२४ पासून सोळा खुणांचा ठरविला. सोळाच कां, याला शास्त्रीय आधार कोणी दाखवूं शकलें नाहीं, आणि २००१ सालीं इंग्लंडनें तो आंकडा सोडूनही दिला. आपल्या सुप्रीम कोर्टानें १९७९ सालीं एका निकालांत अंगठ्याचे ठसे ओळखण्याचें शास्त्र हें बिनचूक असून त्यांत शंकेला जागा नाहीं, अशा अर्थाचें मत व्यक्त केलें होतें. पण त्यानंतर जें घडलें त्यामुळें 'शास्त्र' आणि 'शास्त्री' यांत फरक करणें भाग पडलें.

११ मार्च २००४ रोजीं माद्रिद शहरांत आगगाड्यांमध्यें बाँबस्फोट होऊन १९० हून अधिक माणसें मेलीं. स्फोटक नळ्यांच्या एका पिशवीवर ठसा सांपडला. तो अमेरिकेंतील संघीय तपासखात्याकडे गेला. यंत्रानें लाखों ठशांतून कांहीं मिळतेजुळते ठसे पुढें केले, आणि त्यांपैकीं एक ऑरेगन प्रांतांतील एका वकिलाचा असल्याचें खात्याच्या तिघां अनुभवी तज्ज्ञांनीं सांगितलें. न्यायालयानें बचावासाठीं नेमलेल्या चौथ्या तज्ज्ञानेंही होकार भरला. स्पॅनिश पोलीस मात्र पहिल्यापासून 'जुळत नाहीं' असें कळवीत होते. वकील दोन आठवडे अटकेंत राहिला. अखेर स्पेननें तो ठसा एका अल्जेरियन इसमाचा असल्याचें दाखविलें, तेव्हां खात्यानें जाहीर माफी मागितली, आणि २००६ सालीं वीस लाख डॉलर भरपाई देण्यांत आली.

ही चूक कशी झाली याची चौकशी झाली, आणि तींतून निघालेली गोष्ट मोठी मार्मिक आहे. ठसे खरोखरच एकमेकांसारखे होते. साठा जितका मोठा, तितका एखादा फसवा जुळा सांपडण्याचा संभवही मोठा. पन्नास हजारांच्या कपाटांत जें घडलें नसतें, तें कोट्यवधींच्या यंत्रांत घडलें. आणि एकदां 'जुळला' असें ठरल्यावर तज्ज्ञांना पुसट ठशांत त्या वकिलाच्या ठशांतील खुणा दिसूं लागल्या. जेथें फरक होता तेथें त्यांनीं त्याला कारण शोधलें. पुढच्या तज्ज्ञाला पहिल्याचें मत ठाऊक होतें. इंग्लंडमधील संशोधकांनीं २००६ सालीं याचा एक चतुर पडताळा घेतला. पांच अनुभवी तज्ज्ञांपुढें त्यांनींच पूर्वीं 'जुळतात' म्हणून दिलेले ठसे ठेवले, आणि माद्रिद प्रकरणांत चुकलेले ठसे ते हेच, असें सांगितलें. पांचांपैकीं चौघांनीं आपलें पूर्वीचें मत बदललें.

स्कॉटलंडमध्यें १९९७ सालीं एका खुनाच्या जागीं सांपडलेला ठसा तपासावरील एका पोलीस स्त्रीचाच आहे असें सरकारी तज्ज्ञांनीं सांगितलें. आपण त्या घरांत पाऊलही टाकलें नाहीं असें ती म्हणत राहिली. तिच्यावर खोट्या शपथेचा खटला झाला, आणि १९९९ सालीं ती निर्दोष सुटली. चौकशी समितीचा अहवाल यावयास २०११ साल उजाडलें. ठसा तिचा नव्हता, ही मानवी चूक होती, आणि यापुढें ठशाची ओळख ही वस्तुस्थिति म्हणून न मांडतां मत म्हणून मांडावी, असें त्यांत म्हटलें आहे. हिंदुस्थानच्या कायद्यानें ११२ वर्षांपूर्वीं योजलेला शब्द अखेर तेथेंही आला.

मग चूक होते तरी किती? २०११ सालीं अमेरिकेंत १६९ तज्ज्ञांची परीक्षा घेण्यांत आली. भिन्न माणसांचे ठसे एकाचेच ठरविण्याची चूक हजारांत सुमारें एक वेळा झाली. उलट एकाच माणसाचे ठसे निराळे ठरविण्याची चूक शंभरांत सात-आठ वेळा झाली. म्हणजे सावधपणा अधिक, बेफिकिरी थोडी. साक्षीदाराच्या डोळ्यांपेक्षां हा पुरावा अजूनही कितीतरी सरस आहे. पण शून्य चूक, असा जो दावा न्यायालयांत वर्षानुवर्षें केला जात होता, तो या परीक्षेनंतर कोणाला करतां येण्यासारखा राहिला नाहीं.

भारतांत १९२० सालच्या कैद्यांच्या ओळखीच्या कायद्याची जागा आतां २०२२ च्या कायद्यानें घेतली असून त्यांत ठशांबरोबर डोळ्याच्या बुबुळाच्या नोंदीचीही तरतूद आहे. हक आणि बोस यांच्या १०२४ खणांचें काम संगणकाकडे गेलें आहे, आणि तो अपूर्णांक न मांडतां क्षणार्धांत संभाव्य नांवांची यादी पुढें करतो. त्या यादींतला माणूस कोणता, किंवा त्यांतला एकही नव्हे, हें सांगण्यासाठीं मात्र भिंग घेऊन बसणारा तज्ज्ञ अद्याप लागतो. आणि नव्या शिस्तीप्रमाणें त्याचा निर्णय तपासणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचें मत आधीं कळूं दिलें जात नाहीं.